छेत्रीला कुठे खेळवायचं? आधी सांगा, त्याच्या बाजूला कोण आहे

डिचोलीच्या एका पोराने प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: रविवारची मॅच आटपली की आम्ही सगळे गाड्यावर भजी-पाव खायला बसतो, आणि दर वेळी भांडण सुनील छेत्रीवर येऊन अडतं. एक म्हणतो, भारतासाठी तो सरळ नऊ नंबर, त्याला गोलच्या तोंडासमोरून हलवायलाच नको होतं. दुसरा म्हणतो, वय झाल्यावर त्याला स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरवर घ्यायला हवं होतं. तिसरा छेत्रीच्या बेंगळुरू क्लबचा फॅन, तो डाव्या विंगचा हेका सोडत नाही. सर, तुम्ही इतकी वर्षं पोरांना शिकवताय, तुम्हीच निकाल द्या. आणि आमच्याही संघात एक अडतीस वर्षांचा स्ट्रायकर आहे. त्याचं काय करायचं?

निकाल सांगतो, पण आधी विंगवाल्याचं ऐकून घेऊ, कारण तुमच्या गाड्यावर आकडे फक्त त्याच्याकडे आहेत.

२०१७-१८ चा आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगचा मोसम. बेंगळुरूचे कोच आल्बेर्ट रोका. मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू आणि डावीकडे छेत्री. मिकूचे १५ गोल, छेत्रीचे १४. विंगवर खेळणाऱ्या माणसाने १४ गोल मारले, मग त्याची जागा विंगच नाही का? दिसायला मुद्दा बिनतोड आहे. पण त्या मोसमातली कुठलीही मॅच काढ आणि एक काम कर. चेंडू उजव्या बाजूला गेला की चेंडूकडे बघूच नकोस, फक्त छेत्रीवर डोळा ठेव. लाइन सोडून तो आत सरकायला लागलेला असतो. क्रॉस येईपर्यंत तो लांबच्या पोस्टपाशी, उजव्या बॅकच्या पाठीमागे. दोन्ही सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, मिकूच्या मागे लागलेले, त्यामुळे छेत्रीच्या वाट्याला उरतो तो एकटा फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, तोही अर्धा वळलेला. कागदावर तो विंगर होता. प्रत्यक्षात तो दुसरा स्ट्रायकर होता, फक्त निघायचा लाइनवरून.

शिवाय तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. विंगवर खेळणं म्हणजे नुसतं पुढे जाणं नाही. समोरचा फुल-बॅक वर चढला की त्याच्या मागे पन्नास-साठ मीटर परत पळावं लागतं. मॅचमध्ये असं आठ-दहा वेळा होतं. गोलकडे जाणारी धाव आणि गोलपासून परत येणारी धाव, दोन्ही एकाच खिशातून खर्च होतात. तिशीत खिसा भरलेला असतो. पस्तिशी उलटली की सरळ धावेचा वेग थोडाच कमी होतो, पण दोन धावांच्या मधली विश्रांती लांबत जाते. पहिली धाव होते, दुसरीही होते, तिसरीला पाय नाही म्हणतात. क्लबमध्ये मागे रोजच्या सरावातला डावा बॅक असतो, तो तुमचं पाप झाकतो. राष्ट्रीय संघात आठवडा-दहा दिवस एकत्र सराव, त्यात कोण कोणाला झाकणार? म्हणून म्हाताऱ्या स्ट्रायकरला भारतासाठी विंगवर ठेवणं मला कधीच पटलं नाही. तिथे त्याचे सगळे श्वास बचावात जातात.

आता उरले नऊवाला आणि दहावाला. या दोघांचं भांडण मुळात खोटं आहे.

नऊ नंबर म्हणजे गोल मारणारा, असं आपण धरून चालतो. पण एकट्या नऊ नंबरची खरी हमाली वेगळीच असते. गोलकीपरने लांब किक मारली की गोलकडे पाठ करून उभं राहायचं, सहा फुटी सेंटर-बॅक पाठीवर घ्यायचा, चेंडू छातीवर नाहीतर डोक्यावर झेलायचा आणि मागून आपली माणसं येईपर्यंत धरून ठेवायचा. भारतासारख्या संघात तर हे अर्धी मॅच चालतं, कारण वरच्या संघांसमोर चेंडू आपल्याकडे येतो तोच उडत उडत. छेत्रीची उंची पाच फूट सात इंच. उडी चांगली, वेळेचं भान त्याहून चांगलं, पण पाठीवर बॅक घेऊन नव्वद मिनिटं कुस्ती करायचं हे शरीर नव्हे. २०२४ च्या जानेवारीत कतारला आशियाई कपमध्ये काय झालं आठव. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन मॅच, भारताचा गोल शून्य. लोकांनी लगेच वयावर खापर फोडलं. वय होतं, ते कोण नाकारतो? पण ज्याच्यापर्यंत चेंडूच पोचत नाही तो पंचवीसचा असला काय आणि एकोणचाळीसचा असला काय.

आता उलटी बाजू बघ. त्याच्या चांगल्या दिवसांत त्याच्या बाजूला कोण होतं?

२००८ चा ऑगस्ट, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, एएफसी चॅलेंज कपची फायनल. ताजिकिस्तानला ४-१ ने हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि त्या जोरावर भारत २०११ च्या आशियाई कपला पोचला. बाजूला कप्तान बायचुंग भुतिया. बचावपटूंच्या मनात पहिली भीती बायचुंगची, त्यामुळे हा चोवीस वर्षांचा पोरगा मोकळा. त्यानंतर २०१९ चा जानेवारी, अबू धाबी, थायलंडला ४-१. पहिला गोल पेनल्टीवर. दुसरा गोल दुसरा हाफ सुरू होताच झाला, आणि तो मी पोरांना अजून दाखवतो. उदांता सिंग उजवीकडून सुटला, चेंडू आत आला, आशिक कुरुनियनने हलका पाय लावून मागे सोडला आणि छेत्रीने न थांबवता वळवून कोपऱ्यात घातला. गोलपासून सर्वांत जवळचा माणूस आशिक होता. बॅक आशिकवर गेले. छेत्री त्याच्या दोन-तीन पावलं मागे, धावत येणारा, गोलकडे तोंड असलेला.

हे शेवटचे तीन शब्द लक्षात ठेव: गोलकडे तोंड असलेला. त्याचं सगळं गणित त्यात आहे. उभ्या पायावर, पाठ करून चेंडू मागणारा छेत्री साधा खेळाडू. चालत येऊन अचानक दोन पावलं तेज टाकणारा, चेंडू आणि गोल दोन्ही एकाच नजरेत असलेला छेत्री म्हणजे भारतासाठी ९५ गोल. त्यासाठी कोणीतरी पुढे उभं राहून मार खाणारा लागतो. तो माणूस असला की छेत्रीला नऊ म्हण, दहा म्हण, साडेनऊ म्हण, फरक पडत नाही. तो माणूस नसला की कुठलाही नंबर दिलास तरी त्याचा निम्मा खेळ वाया जातो.

आपण गोंयकारांनी तरी हे ओळखायला हवं होतं, कारण दोनदा आपल्या डोळ्यांसमोर झालंय. २००९-१० मध्ये तो आपल्या गोव्याच्या डेंपो क्लबात होता, आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली. डेंपोकडे तेव्हा मध्ये रँटी मार्टिन्स आणि मागून चेंडू पुरवायला बेटो. रँटी असताना बॅक दुसरीकडे बघणार कशाला? छेत्री त्याच्याभोवती फिरायचा, कधी डावीकडे, कधी मागे. मोसम संपायच्या आत तो अमेरिकेला कॅन्सस सिटीला गेला, पण लीग डेंपोने जिंकली. पुढे २०१३ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून लोनवर गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सला आला, आणि त्या मोसमाची आय-लीग, तेव्हाची देशातली वरची लीग, चर्चिलने घेतली. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगदाणे खात बसलेले आम्ही तेव्हा काय म्हणायचो? ‘विदेशी स्ट्रायकर आहेत म्हणून याला मधली जागा मिळत नाही.’ मीही म्हणायचो, मोठ्याने म्हणायचो. विदेशी स्ट्रायकर आहेत म्हणूनच याचा खेळ खुलतोय, हे कळायला मला आणखी पाच-सहा वर्षं लागली.

तरी त्या तक्रारीत एक खरी गोष्ट आहे, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आपले क्लब, पैसा आला की पहिला विदेशी घेतात तो स्ट्रायकर, दुसरा त्याच्या मागचा. भारतीय पोरांना उरतात विंग आणि फुल-बॅक. म्हणून आज नावं घ्यायला बस: छांगटे, लिस्टन, उदांता, आशिक, महेश. सगळे बाजूचे. मनवीरसारखा उंच, अंगाने दणकट पोरगाही क्लबमध्ये वर्षानुवर्षं उजव्या लाइनवर. मग राष्ट्रीय संघाचा कोच कोणीही असो, स्टिमॅच असो, मानोलो असो, खालिद जमील असो, मधल्या जागेचा प्रश्न आला की त्याची नजर फिरून छेत्रीवरच यायची. २०२४ च्या जूनमध्ये कुवेतविरुद्ध कोलकात्यात निरोप घेतलेला माणूस नऊ महिन्यांत परत आणावा लागला, तो काही हौसेने नाही. त्या आधीच्या महिन्यांत आयएसएलमध्ये त्याने १२ गोल मारले होते, भारतीयांत सगळ्यांत जास्त, चाळिशीत. कोच तरी काय करणार?

परत आल्यावर पहिली मॅच शिलाँगला मालदीवशी. ३-० जिंकलो, त्यात त्याचा हेडर, क्रॉस आपल्या लिस्टन कुलासोचा. सहा दिवसांनी तिथेच बांगलादेश. ०-०. एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात. मालदीवचा बचाव खाली बसलेला होता, क्रॉसवर क्रॉस आत येत होते, आणि अशा मॅचमध्ये बॉक्समधला छेत्री सोन्याचा. बांगलादेशने अंगावर येऊन दाबलं, चेंडू नीट बाहेरच निघेना, आणि अशा मॅचमध्ये पुढे एकटा पडलेला छेत्री म्हणजे दुकान उघडं, माल नाही. दोन्ही मॅच शेजारी शेजारी लावून बघा, तुमच्या गाड्यावरचं अर्धं भांडण मिटेल.

आता फातोर्ड्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६ एप्रिल २०२५, एफसी गोवा विरुद्ध बेंगळुरू, सेमीफायनलची दुसरी मॅच. बेंगळुरूतली पहिली २-० ने गेलेली. आपण २-१ ने पुढे झालो असतो तरी उपयोग नव्हता, दोन गोलांची बरोबरी हवी होती. बोर्हा हेरेराचा एक आला, शेवटी शेवटी सादिकूचा दुसरा आला आणि स्टेडियम नुसतं उसळलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी उडवली, ती चार रांगा खाली जाऊन पडली. ती शोधायला ते उतरले, आणि ते परत वर येईपर्यंत इंज्युरी टाइममध्ये छेत्रीने हेडर घातला होता. एकूण ३-२, बेंगळुरू फायनलला. आजोबांनी विचारलं, ‘कितें जालें?’ कोणी उत्तरच दिलं नाही.

मी घरी येऊन तो गोल किती वेळा बघितला ते सांगत नाही, बायकोने टीव्हीचा रिमोट लपवला इतकंच. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट उडी नव्हे. नव्वद मिनिटं उलटलेली, सगळ्यांचे पाय जड झालेले. अशा वेळी बॅक चेंडूकडे बघतो आणि माणूस विसरतो, कारण दोन्ही बघायला मान फिरवावी लागते आणि दमलेला माणूस मान फिरवायचा कंटाळा करतो. छेत्री बॅकच्या त्या विसरभोळेपणावर जगतो. तरुण स्ट्रायकर बॅकला पायाने हरवतो. म्हातारा स्ट्रायकर त्याला मानेत हरवतो.

म्हणून माझ्या मते त्याच्या शेवटच्या वर्षांचा खरा प्रश्न ‘कुठे’ यापेक्षा ‘कधी’ हा होता. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये कॅमेरूनच्या रॉजर मिलाचं बघ. वय ३८, चार गोल, आणि चारही बदली खेळाडू म्हणून आल्यावर. २०१४ मध्ये जर्मनीचा क्लोसे ३६ चा, घानाविरुद्ध बाकावरून उठून आला आणि बरोबरी साधून दिली. दोघांनाही त्यांच्या कोचने लांब पळायला लावलं नाही. दमलेल्या बॅकच्या पुढ्यात ताज्या पायांचा जुना चोर सोडला, बस. छेत्रीला शेवटच्या तीस-पस्तीस मिनिटांत, बॉक्समध्ये, आणि हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार, दुसऱ्या एका स्ट्रायकरसोबत. पहिला तास एखादा तरुण धावपटू बॅकांना घामाघूम करणार, मग त्याला काढायचं नाही, त्याच्या बाजूला छेत्री आणायचा. मिडफिल्डमधला एक कमी करायचा आणि ४-४-२ करायचं, म्हणजे चार बॅक, चार मधले, दोन पुढे. धोका आहे, मधलं मैदान उघडं पडतं. पण शिलाँगला बांगलादेशशी ०-० करून दोन गुण घालवण्यापेक्षा तो धोका मला चालला असता.

तुमच्यातला नऊवाला आता म्हणेल, मग इतकी वर्षं एकट्याने पुढे खेळून त्याने गोल मारले ते काय? मारले, आणि त्यातले बरेच नेपाळ, मालदीव, पाकिस्तान अशांसमोर, जिथे चेंडू आपल्याकडे असतो आणि पुढचा माणूस एकटा पडत नाही. याचा अर्थ ते गोल हलके, असं मी म्हणत नाही. २०११ च्या आशियाई कपमध्ये बहरीन आणि दक्षिण कोरिया दोघांविरुद्ध त्याचा गोल आहे, कोरियाचा पेनल्टीवर. पण बहरीनची मॅच आपण ५-२ ने हरलो आणि कोरियाची ४-१ ने. संघ दबला की एकट्या नऊच्या एका गोलाने काही बदलत नाही, हेच त्यात दिसतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ ने हरलो आणि आशियाई कपची दारं बंद झाली. त्या रात्री बाहेर येताना लोक पुन्हा तेच बडबडत होते, छेत्री असा, छेत्री तसा. छांगटेने गोल लवकर दिला होता, आघाडी होती. ती कशी गेली यावर कोणी बोलत नव्हतं. मिडफिल्डमध्ये झटापटीतून सुटलेला चेंडू कोण उचलतोय, डावी बाजू कोण बंद करतोय, हे सगळं सोडून चर्चा चाळीस पार केलेल्या एका माणसाच्या पायांवर. उंटावरून शेळ्या हाकणं आपल्याला आवडतं. आता निळ्या जर्सीत तो पुन्हा दिसो वा न दिसो, मधल्या जागेसाठी एक तरुण पोरगा क्लबमध्ये मधल्याच जागेवर वाढत नाही तोवर हीच बडबड दुसऱ्या नावाने चालू राहणार.

राहिला तुमचा अडतीस वर्षांचा माणूस. इथे मी स्वतः माती खाल्लेली आहे, म्हणून नीट ऐक.

काही वर्षांपूर्वी चवथीनंतरच्या एका गावस्पर्धेत माझ्याकडे असाच एक जुना स्ट्रायकर होता. गावात त्याचं नाव मोठं. त्याला बाहेर बसवायची हिंमत माझ्यात नव्हती आणि मध्ये ठेवायचा विश्वासही नव्हता. मधला मार्ग म्हणून डाव्या विंगवर टाकला. पहिल्या अर्ध्या तासात समोरचा कोवळा उजवा बॅक चार वेळा त्याच्या बाजूने निघून गेला, चौथ्या वेळी गोल झाला. हाफटाइमला तो बूट सोडत मला म्हणाला, ‘सर, मला बसवलं असतं तर एवढी लाज गेली नसती.’ मान द्यायला गेलो आणि मान घालवून बसलो. तेव्हापासून ठरवलंय: जुन्या माणसाला एकतर त्याच्या कामाची जागा द्यायची, नाहीतर तोंडावर सांगून बाकावर बसवायचं.

तुमच्या माणसाची परीक्षा सोपी आहे. मळ्यात एक गोल लाव. बॉक्समध्ये सहा करवंट्या ठेव, तीन जवळच्या पोस्टकडे, तीन लांबच्या. दोन बॅक उभे कर, मधे तुमचा तरुण स्ट्रायकर, त्याच्या मागे दोन पावलांवर हा. एका बाजूने वीस क्रॉस मारायला सांग. प्रत्येक क्रॉसच्या आधी हा आधी बॅकच्या समोर एक पाऊल दाखवणार आणि मग त्याच्या पाठीमागे सरकणार. गोल मोजू नकोस. चेंडू पोचला तेव्हा तो करवंटीपाशी पोचला होता की नाही, एवढंच मोज. वीसपैकी बारा-तेरा वेळा वेळेवर पोचला तर त्याला शेवटच्या अर्ध्या तासात, तरुण पोराच्या बाजूला खेळव. आठच्या खाली गेला तर त्याच्याशी बोल, एकट्याशी, गाड्यावर चारचौघांत नव्हे.

आणि हे पावसाने मळा भिजलेला असताना करू नकोस. ओल्या मातीत अडतिशीच्या माणसाचा गुडघा आधी जातो. निकाल नंतर लावता येईल.